इथेलचा फाटका कान

या, असे जवळ सरकून बसा. शेगडीपाशी जागा आहे आणि किटलीतला चहा अजून गरम आहे. एका चेहऱ्याची गोष्ट सांगते. आज देवाच्या दयेने ती सांगता येते. तेव्हा नुसती मनात आली तरी हातपाय गार पडायचे.

माझा नवरा ग्विलिम पॉवेल चित्रं काढायचा. आमच्या दरीतले पुरुष कोळशाच्या खाणीत उतरत, हा एकटा खिडकीपाशी ब्रश घेऊन बसे, म्हणून गावाने त्याचं नाव 'ग्विलिम शाई' ठेवलं होतं. लंडनच्या एका साप्ताहिकात त्याची चित्रकथा येई. रॉब हार्लो नावाचा पोरसवदा तरुण सरकारच्या हेरखात्यात शिकाऊ म्हणून लागलेला. दर आठवड्याला शेवटच्या चौकटीत तो कुठेतरी अडकायचा आणि देशभरातली मुलं पुढच्या शनिवारची वाट बघत बसायची. चित्रं ग्विलिमची, संवादाच्या फुग्यांतली अक्षरं माझी.

ग्विलिमची एक अडचण होती. मनाने चेहरा काढणं त्याला जमत नसे, समोर माणूस लागे. त्यामुळे रॉबचा वरिष्ठ म्हणजे आमचा पाववाला इव्हान, आणि दुष्ट रशियन जनरल म्हणजे चॅपलचे कारभारी मिस्टर प्रॉथरो. शनिवारी दुकानातच अंक उघडून माणसं आपापली तोंडं शोधायची. "या खेपेला मला दरीत ढकललंस ते ठीक," प्रॉथरो म्हणायचे, "पण टोपी कशाला पाडलीस? टक्कल दिसतंय सगळ्या इंग्लंडला."

आणि रॉब म्हणजे इथेल. माझी नणंद ओल्वेन, तिचा एकुलता एक. बाप खाणीत दगावला तेव्हापासून पोरगा आमच्याच टेबलावर जेवून वाढला. लहानपणी कुत्र्याने त्याच्या डाव्या कानाची पाळी फाडली होती. ग्विलिमने तीसुद्धा जशीच्या तशी काढली. म्हणाला, गर्दीच्या चौकटीतही मुलं कानावरून रॉबला ओळखतील. खरंच ओळखायची.

इथेल मोठा झाला. परक्या भाषा त्याला ऐकता ऐकता येत. लंडनला जहाज कंपनीत लागलो म्हणाला, मग परदेशी गेला. पत्रं विरळ झाली. "कामात असेल," ओल्वेन म्हणायची. "जहाजांची कामं काय थोडी असतात?"

एका सकाळी राखाडी कोटातला एक माणूस दारात आला. आमच्या चिखलातून चढून आला तरी बूट स्वच्छ. चहा घेतला, साखर नको म्हणाला, आणि टेबलावरचं अर्धवट पान बघत राहिला.

"सुरेख काढता, मिस्टर पॉवेल. हा मुलगा कुणावरून?"

"भाचा माझा."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तो सध्या जिथे आहे तिथेही तुमची चित्रकथा निघते. त्यांच्या भाषेत, बरीच उशिरा, पण निघते. मागे ट्राममध्ये एका लहान मुलीने त्याच्याकडे बोट दाखवलं. आईला म्हणाली, आई, बघ रॉब. सगळा डबा वळून बघायला लागला. त्याने हसून वेळ मारून नेली."

"जहाज कंपनीच्या माणसाला कुणी ओळखलं तर बिघडलं काय?" मी विचारलं.

माझा प्रश्न माझ्याच कानात राहिला आणि मग हळूहळू कळलं, रॉबचं काम इथेल खरोखरच करत होता.

"बोलावून घ्या त्याला," मी म्हणाले.

"आत्ता तिथून निघाला तर निघण्याचाच संशय येईल, बाई."

"मग मी रॉबला उद्याच दुसरं तोंड देतो," ग्विलिम म्हणाला.

"तेही नको. एकदम बदललं की आजवर ज्यांनी नीट पाहिलं नाही, तेही निरखून बघतील. हळूहळू बदला. हात थकत चाललाय असं वाटू दे. आणि कुणाला सांगू नका. त्याच्या आईला तर नाहीच. आई रडली की शेजार विचारतो."

जाताना त्याने कप स्वतः धुऊन पालथा घातला. मला त्या पालथ्या कपाचीच जास्त भीती वाटली. आपण आलो होतो याची खूण ठेवायची नाही, याची इतकी सवय.

त्या दिवसापासून आमच्या घरात ट्राम शिरली. भांडं पडलं तरी मला तिची घंटा ऐकू यायची. डोळ्यांपुढे ती मुलगी बोट उचलायची, आणि तिच्यामागे कुणीतरी वर्तमानपत्र खाली करून बघायचं. ग्विलिमने आधी रॉबचे केस वाढवून कान झाकला. मग ब्रश उचलायचा आणि तसाच धरून बसायचा. ज्या पोराला मांडीवर बसवून पेन्सिल धरायला शिकवलं, त्याचं नाक कसं मोडायचं? ओल्वेन येऊन म्हणायची, "दादा, इथेलचे केस फार वाढवलेस, न्हाव्याकडे पाठव त्याला." आणि हसायची. आम्हीही हसायचो.

त्यातच सालेमची शताब्दी आली. सालेम म्हणजे आमचं चॅपल. प्रॉथरोंनी कार्डिफच्या वर्तमानपत्राचा बातमीदार बोलावला. "सालेमने पाद्री दिले, गवई दिले," ते छाती काढून म्हणाले, "पण चित्रातला का होईना, हेर देणारं चॅपल दरीत एकच. बातमीदाराला इथेलचा फोटो देऊ. ओल्वेन आणणार आहे."

"नको हो, मिस्टर प्रॉथरो. त्याला आवडणार नाही."

"विनय पुरे, मेन्ना. विनयसुद्धा एक प्रकारचा गर्वच असतो."

याहून जास्त बोलायची सोय नव्हती. ग्विलिम म्हणाला, आजारी पडतो. मी म्हटलं, तू घरी राहिलास तरी फोटो चॅपलमध्ये पोचणारच.

रविवारी सालेम तुडुंब भरलं. ओल्वेन आमच्या पुढच्या बाकावर, नवी टोपी, मांडीवर काळी पर्स. पर्समध्ये फोटो. बातमीदार कडेला वही काढून बसलेला. उत्तरेकडून एक म्हातारे पाद्री आले होते. त्यांचं प्रवचन म्हणजे माझ्या जिवाचा विसावा. त्या दिवशी मात्र शब्द कानावरून जात होते. विषय होता मोशेची आई. राजाचे शिपाई पोरं मारत फिरतायत आणि ही बाळाला टोपलीत घालून नदीच्या लव्हाळ्यात सोडते.

बोलता बोलता म्हाताऱ्यांचा आवाज सुरावर चढला. आमच्याकडे याला हुइल म्हणतात. माणूस बोलत नाही मग, त्याच्यातून गाणं वाहतं. "राजकन्येने बाळ उचललं," ते गाऊ लागले, "आणि बाळाच्या बहिणीला दाई आणायला धाडलं. आई आली, दाई होऊन आली. आपल्याच बाळाला तिने पाजलं, आणि माझं म्हणाली नाही. जगावा म्हणून, माझं म्हणाली नाही." तीच ओळ पुन्हा, आणखी वर. माना डोलत होत्या, डोळे भरत होते. माझी नजर त्या काळ्या पर्सवरून हलत नव्हती.

प्रवचन संपलं आणि प्रॉथरो उठले. "आता कार्डिफच्या पाहुण्यांना सांगू या, रॉब हार्लोचा चेहरा कुणाचा. ग्विलिम, ऊठ बाबा."

ग्विलिम उठला. देवाच्या घरात तो जन्मात खोटं बोललेला नव्हता. बातमीदाराने पेन्सिल टेकवली. ओल्वेनने पर्स उघडली.

मी गळा मोकळा सोडून स्तोत्र उचललं.

सालेममध्ये कुणाला भरून आलं आणि त्याने स्तोत्र उचललं की बसून राहायची रीत नाही. सगळं चॅपल उभं राहून गाऊ लागलं, उंच-खालच्या चारी सुरांत. शेवटचं कडवं संपलं, मी ते पुन्हा उचललं. लोकांनी पुन्हा धरलं. पुन्हा संपलं, पुन्हा उचललं. म्हातारे पाद्री हात उंचावून सामील झाले. प्रॉथरो उभ्याउभ्या खर्जात गात होते, करतात काय? पण माझा घसा सुकत आला होता, आणि मी थांबले की पर्स उघडीच होती.

तेव्हा ओल्वेन मागे वळली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. भक्तीने रडणारी मेन्ना तिने अनेकदा पाहिली होती. ही ती नव्हती. मग तिने ग्विलिमच्या हातांकडे पाहिलं. पुढच्या बाकाची कड त्याने अशी धरली होती की नखं पांढरी पडली होती. ती बघत राहिली. तिच्या तोंडावरचा रंग उतरताना मला दिसला.

पर्सची कळ पुन्हा बंद झाली. आणि पुढच्या वेळी ते कडवं माझ्याआधी तिने उचललं.

बाहेर पायऱ्यांवर बातमीदाराने तिला गाठलंच. "तो चेहरा तुमच्या मुलाचा म्हणे?"

"माझ्या? अहो, माझा मुलगा जहाज कंपनीत कारकून. पोट सुटलंय मेल्याचं. आमच्या दरीत सगळ्याच पोरांची तोंडं अशी, एकाच कोळशाने माखलेली." प्रॉथरो तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मिस्टर प्रॉथरो, तुमचा जनरल दाखवा ना यांना. तो तर हुबेहूब आहे."

प्रॉथरोंनी लगेच टोपी सारखी केली, भुवया वर ओढल्या. वर्तमानपत्रात फोटो आला तो त्यांचाच.

घरी आल्यावर ओल्वेन कोट न काढता बसली. कुठे आहे, काय करतो, काही विचारलं नाही. "थंडी आहे का तिथे?" एवढंच म्हणाली.

"माहीत नाही गं," मी म्हणाले.

मग तिने खुर्ची ग्विलिमच्या टेबलाकडे ओढली. "दाखव." बराच वेळ पानाकडे बघून तिने बोट ठेवलं. "ही हनुवटी अजून त्याची आहे. पूस."

पुढे दर आठवड्याला ती येत राहिली. आज भुवई पूस, आज हसताना गालाला पडणारी घडी पूस. आम्हाला न दिसणारा इथेल तिला दिसायचा. वाचक तक्रार करू लागले, संपादक म्हणाले पॉवेलचा हात गेला. ग्विलिमने ऐकून घेतलं. आणि एक दिवस तिने नवं पान हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि विचारलं, "हा कोण?" मग पान खाली ठेवून ती जे रडली, ते त्या रविवारनंतरचं तिचं पहिलंच रडणं.

जुने अंक मात्र तिथे कुणाच्या ना कुणाच्या घरात पडलेले होतेच. म्हणून भीती गेली नाही. टपालवाला तार न देता दारावरून पुढे गेला की आम्ही श्वास घ्यायचो.

एका वसंतात आमच्या मागच्या दाराने दाढी वाढलेला, खंगलेला एक माणूस आत आला. ओल्वेन भांडी घासत होती. तिने वळून बघितलं आणि दचकून म्हणाली, "कोण पाहिजे तुम्हाला?" त्याने काही न बोलता केस बाजूला केले. तिने ओल्या हाताने तो फाटका कान चाचपला, आणि धरूनच ठेवला.

जेवताना त्याने कोपऱ्यातला अंक उचलला. "मामा, रॉबची पार वाट लावलीत हो. कुणासारखाच दिसत नाही हा."

"वय झालं, बाळा," ग्विलिम म्हणाला.

त्याला खरं कारण आम्ही कुणी सांगितलं नाही. ओल्वेननेही नाही, शेवटपर्यंत. ती आता सालेमच्या मागच्या उतारावर निजली आहे. प्रार्थनेला हात जोडाल तेव्हा माझं, ग्विलिमचं राहू द्या. पण ओल्वेनचं नाव घ्या. तिची आठवण ठेवा.