बायकी कोटातला गार्ड

डॉक्टरांनी आयुष्यभर लोकांच्या दाढा पोखरल्या आणि निवृत्त झाल्यावर तेच मशीन घेऊन ते खेळण्यातल्या आगगाडीच्या मागे लागले. खेळण्यातली म्हटलं की त्यांचं टाळकं सरकायचं. ‘प्रतिकृती म्हण, प्रतिकृती!’ असं ते बायकोवर खेकसायचे. बरं बाबा, प्रतिकृती.

त्यांच्या मंडळाने एक जुनी गाडी हुबेहूब उभी करायला घेतली होती. खरी गाडी केव्हाच भंगारात गेलेली. सातांपैकी सहा डबे तयार होते, चौथ्याची जागा रिकामी, आणि त्या वीतभर रुळावर डॉक्टरांचा चार वर्षं डोळा होता. बाजारात मिळतो तो डबा भलत्याच जमान्यातला. मग त्यांनी तसले दोन आणले, मधोमध कापले, सांधले, नको त्या खिडक्या दातात भरायच्या सिमेंटने बुजवल्या आणि हव्या तिथे नव्या पोखरल्या. संडासाची धुरकट काच डाव्या टोकाला बसवली, अगदी फोटोत होती तशी.

त्या डब्याचा फोटो जगात एकच. डब्यापुढे गार्ड आणि त्याचा मदतनीस ऐटीत उभे, आणि डब्याचा नंबर नेमका गार्डाच्या पाठीआड. मंडळाचे अध्यक्ष भूमितीचे निवृत्त मास्तर. त्यांनी आपला तिसरा डबाही याच फोटोच्या कडेला दिसतो तसा केलेला. त्यांचा नियम सरळ होता: फोटोत दिसेल तेच खरं, बाकी सगळं थापा.

रविवारी चार वाजता तपासणी होती आणि सकाळी डॉक्टरांच्या लक्षात आलं की खिडक्यांना पडदे राहिलेत. झालं, धावले बायकोकडे. तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. तीस वर्षं पुरुषांचे कोट शिवायचं स्वतःचं दुकान चालवूनही नावाला चिकटलं ते नवऱ्याचंच शिक्षण.

“पडदे कसे लटकतात ते बघायला नको? फोटो द्या,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी जिवावर उदार होऊन फोटो दिला. तिने तो खिडकीपाशी धरला आणि फिस्सकन हसली.

“अहो, या बाप्यांनी बायकी कोट का घातलेत?”

“काहीतरीच काय!”

“पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते. यांची उजवी आलीय, दोघांचीही. आणि छातीवरचा खिसा उजवीकडे. असा कोट मी शिवला असता तर गिऱ्हाइकाने माझ्याच तोंडावर फेकला असता.” तिने फोटो खाली ठेवला. “फोटो उलटा छापलाय तुमचा.”

फोटो उलटा, म्हणजे डबा उलटा. म्हणजे संडास उजव्या टोकाला! डॉक्टरांनी डबा उचलून फिरवला, पुन्हा फिरवला, तिरका करून बघितला. डावं-उजवं असं फिरवून बदलत असतं तर आणखी काय हवं होतं? अख्खी बाजू नव्याने कापायला हवी होती.

“हे बघ,” ते हात जोडून म्हणाले, “तिथे काही बोलू नकोस.”

“मला कोण विचारतंय? चार वर्षं मी पलीकडच्या खोलीत बसलेय. फोटो एकदा तरी दाखवलात? ‘तुला डब्यातलं काय कळतं’ म्हणालात. आठवतंय का?”

आठवत होतं. डॉक्टरांनी खिडक्यांची मापं लिहून तिच्यापुढे सरकवली. तिने तासाभरात जाळीच्या कापडाचे चौदा पडदे शिवून दिले, तेही सुरेख.

मंडळाच्या हॉलमध्ये मास्तरांनी भिंग लावलं, पट्टी लावली, खिडक्या दोनदा मोजल्या. “तंतोतंत!” म्हणत त्यांनी डबा चौथ्या जागेवर ठेवला. टाळ्या पडल्या. डॉक्टरांना वाटलं, सुटलो.

मास्तर मागच्या खुर्चीवर बसलेल्या डॉक्टरीणबाईंकडे वळले. “वहिनी, पडदे झकास हं! बाकी तुम्हाला त्यातलं काय कळणार म्हणा.”

ती नुसती हसली. ते हसू डॉक्टरांनी घरी शंभरदा बघितलं होतं, पण ते कशाचं आहे ते त्यांना आज कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. सरळ, धडधडीत लाज.

“फोटो उलटा आहे,” ते म्हणाले. “हिने ओळखलं, कोटावरून.”

मग काय विचारता! बाकीचे अकराही सभासद माना खाली घालून आपापली बटणं तपासायला लागले. एकाने तर शेजाऱ्याचा कोट उघडून बघितला. मास्तर फोटोकडे बघत राहिले, मग आपल्या तिसऱ्या डब्याकडे, आणि त्यांचा चेहरा पडला. पण मास्तर कसले हार मानतात!

“शिवणकामावरून इतिहास बदलायचा?” ते गरजले. “मतदान घ्या!”

मतदान झालं. अकरा विरुद्ध एक. त्या काळी गार्ड आणि मदतनीस दोघेही बायकी कोट घालत, असं मंडळाने बहुमताने ठरवलं आणि वहीत लिहूनही टाकलं. डबा मंजूर! चौथी जागा डॉक्टरांची!

डॉक्टरांनी पुढे होऊन रुळावरचा डबा उचलला.

“अहो डॉक्टर, मिळाली ना जागा?” मास्तर ओरडले.

“चुकीच्या डब्याला मिळालीय. बरोबर झाला की आणीन.”

“आणखी चार वर्षं घालवणार? या वयात?”

डबा छातीशी धरून डॉक्टर मागच्या खुर्चीपाशी गेले. बायको उठून उभीच होती.

“एवढी हौस होती, तर ठेवायचा होतात तिथेच,” जिन्यावर ती हळूच म्हणाली. “मी रागावले नसते.”

“ते माहीत आहे गं. तू रागवायचंच सोडून दिलंयस.” ते एका पायरीवर थांबले. “नवी बाजू कापायला घेईन उद्या. माझ्या खोलीत येऊन बसशील?”

“बसेन,” ती म्हणाली. “पण मध्ये मध्ये बोलणार.”

“बोल,” डॉक्टर म्हणाले.