खिडकीतली ओवी

संस्कृती ज्या पानावरचं घडाघडा वाचत होती, ते पान पुस्तकात नव्हतंच.

पंकजाच्या हे आधी ध्यानातच आलं नाही. ती भाकरी थापत होती, सव्वा वर्षाची धनू तिच्या पदराला लोंबकळत होती आणि दारात पाय पसरून बसलेली संस्कृती दुसरीच्या पुस्तकातला सशाचा धडा वाचत होती. थाप, थाप, थाप. त्या तालावर ससा उड्या मारत विहिरीपाशी पोचलासुद्धा. किती गोड वाचते माझी बाई, असं मनात म्हणत पंकजानं पिठाचा डबा ओढला, तर डब्याखाली ते पान. सशाचं. परवा धनूनं टरकावलेलं. सशाचा एक कान तर तिनं चावून गिळलाच होता. डिंकानं चिकटवू म्हणून पंकजानंच ते डब्याखाली दाबलं होतं आणि साफ विसरून गेली होती.

तिनं पानाकडं पाहिलं. लेकीकडं पाहिलं. लेक भलत्याच पानावर बोट फिरवत सशाची गोष्ट सांगत होती. ती बरोबर जिथं थांबायचं तिथं थांबली, बोटाला थुंकी लावली आणि ऐटीत पान उलटलं.

तव्यावरची भाकरी करपली.

पंकजानं परातीतलं पीठ तळहातानं सारखं केलं आणि बोटानं लिहिलं, विहीर. "हे वाच बरं, बाळा."

संस्कृतीनं परातीत पाहिलं. मग आईच्या तोंडाकडं पाहिलं. पुन्हा परातीत. पुन्हा आईकडं. "...ससा?" ती म्हणाली, आणि आईचा चेहरा बघून लगेच, "न्हाई न्हाई, कासव!"

एरवी ही गोष्ट हसण्यावारी नेता आली असती. पण गेल्याच गुरुवारी पंकजाच्या सासऱ्यांनी, आप्पासाहेबांनी, देवळाच्या ओट्यावर बसून जाहीर करून टाकलं होतं, "औंदा समाप्तीच्या पाच ओव्या आमची संस्कृती वाचनार. दुसरीतली पोर, पर वाचती कशी? रेल्वेवानी!"

तिसगावच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी त्यांची चाळीस घरांची वस्ती. श्रावणात नाथाच्या देवळात महिनाभर संध्याकाळी पोथी चालायची, शेवटच्या दिवशी दुपारी समाप्ती आणि महाप्रसाद. समाप्तीच्या ओव्या वाचायचा मान आजवर बाप्यांचाच. तो सात वर्षांच्या पोरीला देतोय म्हटल्यावर वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या रंगुबाईंनी लगेच विचारलं होतं, "पोर वाचंल, का निस्ती हुबी ऱ्हाईल?"

"रंगुआत्या, तुमी फकस्त कान साफ करून या," आप्पा म्हणाले होते.

परातीतली विहीर कासव झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी धनूला कडेवर मारून पंकजा जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. दोन खोल्या, पुढं लिंबाचं झाड. आपल्याला बोलणी बसणार, अशी मनाची तयारी करूनच ती गेली होती. पण रोहिणी मॅडमनी तिला पाहताच खुर्ची पुढं केली.

"बरं झालं आलात. मीच बोलावणार होते."

मॅडम नुकत्याच तालुक्याच्या गावी प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. पहिली-दुसरीच्या सगळ्या पोरांना त्या एकेक करून लिंबाखाली बसवायच्या. चित्रं भराभर ओळखायची, शब्द ऐकून टाळ्या वाजवून तोडायचा, आणि टमूल, विरपा असले कुठंच नसलेले शब्द वाचायचे. पाठांतराला तिथं जागाच नाही.

"तुमची बाई मला काय म्हणाली माहितीय?" मॅडम हसत म्हणाल्या. "म्हणाली, मॅडम, असले शब्द नसत्यात, तुमचं चुकलंय."

पंकजालाही हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरले. "मॅडम, माझंच चुकलं असंल का काही? ही पोटात असताना सूर्याचं गिरान आलं होतं. आत्याबाई सांगत होत्या, बसून राहा, काही चिरू-कापू नको. मी भेंडी चिरली."

"अहो, भेंडीचा आणि अक्षराचा काय संबंध?" मॅडमनी धनूच्या हातातला खडू काढून घेतला. "काही मुलांना अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ मारायला जास्त वेळ लागतो. जन्मतःच. हुशारीशी त्याचं काही देणंघेणं नाही. ही पोरगी एकदा ऐकलेली गोष्ट सगळ्यांचे आवाज काढून सांगते, मला नाही येत तसं! डिस्लेक्सिया म्हणतात ह्याला. माझी ही नुसती पहिली चाळणी आहे हं. पक्कं काय ते नगरचे डॉक्टर सांगतील, तारीख मिळाली की मी सोबत येते. पण तोवर हातावर हात ठेवून कशाला बसायचं? दुसरीतच कळलं, हे केवढं चांगलं झालं."

मग त्यांनी काय काय करायचं ते सांगितलं. पिठात, वाळूत अक्षर गिरवायचं, गिरवताना आवाज मोठ्यानं म्हणायचा. जाड कागदाला एका ओळीएवढी खिडकी कापायची, म्हणजे बाकीच्या ओळी अंगावर येत नाहीत. आणि रोज दहा-पंधरा मिनिटं जोडीनं वाचन. थोडं वाचायचं, थांबायचं, त्यावर गप्पा मारायच्या, मग पुढचं. "आणि रागावायचं नाही. घड्याळ लावून वाचायला तर मुळीच सांगायचं नाही."

आता आप्पांना सांगायचं होतं. पंकजाच्या नवऱ्यानं, अजिनाथनं, तेवढ्यात दुधाचा टेम्पो चालू केला. "मला उशीर हुतोय, तूच बोल. तुझं आयकत्यात ते," असं म्हणून गेलासुद्धा.

आप्पा गोठ्यापाशी गाईला कडबा टाकत होते. पंकजानं पदर सावरला आणि एका दमात सगळं सांगितलं. आप्पांच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

"म्हंजी पोर वाचत न्हाई?"

"न्हाई मामा. तिला पाठ हाय सगळं."

"अन् मी समद्या वस्तीत डंका पिटला." आप्पा खाली बसले. "पोथीपुढं खोटं, पंकजा? म्हंजी मला फशीवलं व्हय गं तिनं?"

संस्कृती गव्हाणीमागंच उभी होती, हे दोघांनाही माहीत नव्हतं. ती पुढं आली. रडत नव्हती, तिला खरंच कोडं पडलं होतं.

"आप्पा, मला वाटायचं वाचणं म्हंजी असंच अस्तं. आदी नीट आयकायचं, ध्यानात ठेवायचं, मंग पुस्तक उघडून म्हनायचं. समदी पोरं असंच करत्यात ना?"

गाईनं वाट पाहून आप्पांच्या हातातली पेंढी स्वतःच ओढून घेतली.

"आख्खं पुस्तक?" ते म्हणाले. "आख्खं पुस्तक डोक्यात ठिवलंस, लेकी?"

"पहिलीचंबी हाय अजून."

आप्पांनी तिला जवळ ओढलं. "आरं देवा! एवढं वझं घिऊन हिंडत हुतीस? ठिव आता खाली. नाव माघारी घेतो मी."

"नको," संस्कृती म्हणाली. "मला वाचायचंय. खरंखुरं."

त्या दिवसापासून पंकजानं वेळ चोरायला सुरुवात केली. दूध वर येईपर्यंत एक अक्षर. धनू झोळीत झोपली की तीन. भाकरीआधी परातीत रोज म, भ आणि झ हजेरी लावून जायचे. संस्कृती बोटानं गिरवायची, "भऽऽ" म्हणून ओरडायची आणि म्हशी बिचकायच्या. दिराच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका चांगल्या जाड होत्या, त्यांना खिडक्या कापल्या. पहिली खिडकी धनूनं खाल्ली. दुसरीवरचा गणपतीही. तिसरी पंकजानं उंच खुंटीला टांगली, तर धनू खुंटीखाली बसून भोकाड पसरू लागली.

सगळे दिवस काही सारखे नव्हते. सोमवारी आलेलं अक्षर बुधवारी परकं व्हायचं. एकदा संस्कृतीनं परात उलटी केली आणि पिठासकट रुसून बसली. एकदा पंकजाच कावली, "आत्ता तर सांगितलं ना!" म्हणाली, आणि लेकीचा चेहरा पाहून दिवसभर स्वतःशीच भांडत राहिली. समाप्ती मात्र जवळ येत होती. पाच ओव्या. सगळी वस्ती समोर. पोर मधेच अडली आणि कुणी हसलं, तर ती पुन्हा पुस्तक हातात धरेल का, एवढा एकच घोर पंकजाला लागला होता.

श्रावण लागला. दुसऱ्या संध्याकाळी पंकजा धनूला मांडीवर घेऊन देवळात बायकांच्या मागं बसली. पोथी वाचायला बिभीषण होता, बारावी झालेला, शेती बघणारा. वस्तीची जुनी रीत अशी, की एकानं ओवी वाचायची आणि दुसऱ्यानं तिचा अर्थ सांगायचा. अर्थाला आप्पा. आप्पांचा अर्थ नाथांपासून निघायचा, भावकीत शिरायचा आणि विहिरीतल्या मोटारीवर जाऊन थांबायचा. तोवर लोक तंबाखू मळून घ्यायचे.

पंकजाची नजर सहज बिभीषणवर गेली. आप्पा अर्थ सांगत होते आणि बिभीषण मान खाली घालून, ओठ हलवत, पुढची ओवी मनातल्या मनात जुळवत होता. आप्पा थांबले की तो ती खणखणीत वाचायचा.

म्हणजे बारावी झालेला गडीसुद्धा! थोडं वाचायचं, थांबायचं, त्यावर बोलायचं, मग पुढचं. अगं बाई, रोहिणी मॅडमनी सांगितलं ते हेच की! पंकजा एवढ्यानं हसली, की पुढच्या चार बायकांनी वळून पाहिलं.

सकाळी चहा देताना तिनं विषय काढला. "मामा, समाप्तीला तुमी अर्थ जरा लांबवाल का?"

आप्पांनी कप खाली ठेवला. "लांबवू?"

"व्हय. संस्कृतीला पुढची ओवी जुळवायला येळ मिळंल."

"उभा जलम समदी मला आप्पा आवरा, आप्पा आवरा म्हनत आली," आप्पा म्हणाले, आणि त्यांच्या मिशीत हसू मावेना. "पैली सून भेटली लांबवा म्हननारी."

त्या दिवसापासून रोज सकाळी ओसरीवर जोडी बसू लागली. पोथी मोठ्या टायपातली, एकेक ओवी सुटी. संस्कृती खिडकी ठेवून एक ओवी वाचायची, आप्पा अर्थ सांगायचे. कधी दिवसाला दोन ओव्या व्हायच्या, कधी अर्धीच. समाप्तीच्या ओव्या मात्र संस्कृतीनं मोरपीस घालून राखून ठेवल्या, नाहीतर त्याही पाठ झाल्या असत्या.

"आप्पा, तितं चुकलं तर?"

"चुकलं तर थांबायचं. पोथी काय पळून जातीय व्हय?"

समाप्तीच्या दुपारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मागं चुलवणावर लापशी रटरटत होती, आमटीचा वास थेट गाभाऱ्यापर्यंत येत होता. रोहिणी मॅडम पंकजाशेजारी खांबाला टेकून बसल्या होत्या. नवा फ्रॉक घातलेली संस्कृती पाटावर बसली, हातात लग्नपत्रिकेची खिडकी.

आप्पांनी पोथी उघडली ती शेवटच्या अध्यायाऐवजी पहिल्याच पानावर. पंकजाला कळलं. ते पान दर श्रावणात ऐकून ऐकून पोरीला तोंडपाठ होतं. आप्पांनी हळूच सुनेकडं पाहिलं, आणि खरं सांगायचं तर तिलाही हायसं वाटलं. म्हणून टाकेल बिचारी, सुटेल.

संस्कृतीनं पानाकडं पाहिलं. "हे नको, आप्पा. हे पाठ हाय मला."

"मंग?"

"म्हंजी ते वाचणं न्हाई." तिनं मोरपीस ठेवलेलं शेवटच्या अध्यायाचं पान उघडलं, आणि खिडकी ठेवली.

पंकजानं धनूला घट्ट धरलं.

रेल्वे नव्हती ती. दगडधोंड्यांतून निघालेली बैलगाडी होती. एकेक अक्षर चाकाखालून जात होतं, मधेच गाडी अडायची, मागं यायची, पुन्हा जोर लावायची. पण पहिली ओवी पार झाली. आप्पांनी अर्थ सुरू केला आणि तो चांगला ऐसपैस डोंगरकपारी फिरवून आणला. खाली मान घातलेल्या संस्कृतीचे ओठ हलत होते. दुसरी ओवी. एका शब्दाला तिनं चूक केली, थांबली, "आं, चुकलं," म्हणाली आणि पुन्हा वाचला.

"लई हाळू गं बया," रंगुबाई पुटपुटल्या. "लापशी गार हुईल."

"आत्या, मला तरी कुठं घाई हाय?" आप्पा म्हणाले आणि दुसऱ्या ओवीचा अर्थ मोटारीपर्यंत नेला.

तिसरी ओवी. संस्कृतीचं बोट एका शब्दाशी अडलं. "ग... गर्... भ... गि... री." तिनं बोट मागं नेलं. मग पुन्हा, एका दमात, "गर्भगिरी."

तिनं पोथीवरून मान वर काढली आणि देवळाच्या दारातून बाहेर पाहिलं. समोर श्रावणानं हिरवागार झालेला डोंगर उभा होता. रोज शाळेला जाताना दिसायचा तोच.

"आप्पा! गर्भगिरी म्हंजी आपला डोंगर?"

"व्हय, बाळा."

"तो हितं लिवलाय?"

"लिवलाय की."

"मी वाचला!" ती ओरडली. "आई, मॅडम, आपला डोंगर पोथीत हाय, मी वाचला त्याला!"

दर श्रावणात महाप्रसादाच्या गडबडीत ही ओवी तिच्या कानावरून गेली होती. दर वर्षी आप्पांनी तिचा अर्थ सांगितला होता. आज मात्र जन्मात पहिल्यांदा त्यांना अर्थ सुचेना. उपरण्यानं डोळे पुसत ते नुसतं डोंगराकडं बोट दाखवत राहिले, आणि सगळं देऊळ वळून डोंगराकडं बघू लागलं, जणू तो आजच तिथं येऊन बसला होता. रोहिणी मॅडमनी पंकजाचा हात धरला. पंकजाला हसू की रडू तेच समजेना, आणि धनूनं तेवढ्यात मॅडमच्या ओढणीचं टोक तोंडात घातलं.

लोक उठायच्या बेतात दिसले तशी संस्कृती गडबडीनं म्हणाली, "उटू नका! अजून दोन राहिल्यात."

मागून रंगुबाईंचा आवाज आला, चुलवणापाशी उभ्या असलेल्या वाढप्याला, खणखणीत. "झाकन ठिव रं त्या पातेल्यावर! ऐकू आलं न्हाई का? पोरीच्या दोन ओव्या राहिल्यात."

खिडकी एक ओळ खाली सरकली.