मामांच्या पुसलेल्या ओळी

दोन हजार अकरा सालच्या एका दुपारी भाचीने मामांच्या संगणकाचं झाकण काढून आत फुंकर मारली. तिला आणि शेजारी उभ्या मामीला, दोघींनाही शिंका आल्या.

"मामी, हे यंत्र माझ्याहून म्हातारं आहे का गं?"

"तुझ्याहून लहान. पण तुझ्यासारखंच, उठायला वेळ लावतं."

मामा गेल्यापासून आठ महिने ते उठलंच नव्हतं. दुरुस्तीवाला म्हणाला, भंगारात द्या. मामीने ऐकलं नाही. घशाच्या ऑपरेशनात मामांचा आवाज गेला आणि शेवटची दोन वर्षं ते याच पडद्यावर बोलले. मामीला आवाज होता, तरी तीही शेजारी बसून उत्तरं टाइप करायची. एकटीनेच तोंड चालवणं तिला बरं वाटेना.

भाचीने लिनक्सची, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या एका फुकट प्रणालीची, सीडी घातली. पडद्यावरचं चक्र थोडा वेळ फिरलं आणि थबकलं.

"दोनशे छप्पन्न एमबी मेमरी! हिचा पसारा मावायचा नाही यात. थांब, दुसरी हलकी आहे."

दुसरी सीडी घरघरली. बऱ्याच वेळाने करडा पडदा आला, त्यावर चार चित्रं.

"आधी मामांचं आत जे असेल ते काढून घेऊ, मग हे बसवू."

"ह्यांचं कुठलं असायला! रोज संध्याकाळी पुसायचे. मेमरी कमी आहे, यंत्र दमतं म्हणायचे. तरी बघ. एखादी ओळ राहिली असेल."

भाचीचा हात थांबला. मेमरी वेगळी, साठवायची डिस्क वेगळी. दोघं जन्मभर असे बोलले असते तरी डिस्कचा कोपरासुद्धा भरला नसता. ती सांगणार होती. मामीने पदराने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"हं," एवढंच भाची म्हणाली.

'बोलणं' नावाची फाइल होती. मामांची एकही ओळ नव्हती. मामीच्या मात्र सगळ्या होत्या. मामांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. दुसऱ्याच्या मजकुराला त्यांनी हात लावला नव्हता.

मी जेवले. तुम्ही?
पंखा राहू दे.
चाळीस वर्षांपूर्वीचं ते. आता कसला राग!

मामी एकेका ओळीवर बोट ठेवून मामांचे प्रश्न सांगत गेली. एका ओळीवर बोट अडलं.

नाही. एकदाही नाही.

"काय विचारलं होतं गं ह्यांनी?"

भाचीने फाइल जपून ठेवली, लिनक्स बसवलं, फाइल जागेवर परत आणली.

पुढे भाची दुसऱ्या शहरात प्राध्यापक झाली. फोनवर विचारायची, "मामी, यंत्र चालतंय ना?"

"चालतंय की. रोज त्या ओळीच्या वर एक प्रश्न लिहून बघते. जुळत नाही. संध्याकाळी पुसते. दमतं गं ते."

तेव्हाही डिस्कचं ते खरं भाचीच्या तोंडून निघालं नाही.

मामी सहा वर्षांनी गेली, भर दुपारी, खुर्चीतच. भाची पोचली तेव्हा यंत्र चालूच होतं. त्या दिवशीची ओळ पुसायची राहून गेली होती.

माझा कंटाळा आला होता का गं तुला कधी?
नाही. एकदाही नाही.