करकरत्या खुर्चीचा सूर

मी मागच्या रांगेतली, खांबाजवळची घडीची खुर्ची बोलतेय. होय, तीच करकरणारी! जन्मले तेव्हा मुकीच होते. पण या सभागृहात भल्याभल्यांचं वजन सोसून माझा एक सांधा सैल झाला आणि मला कंठ फुटला. कोणी उठलं की मी करकरते. म्हणून मला कायम मागे ढकलतात. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

दर बुधवारी संध्याकाळी इथे बायकांचं समूहगान चालतं. मास्तरीणबाई पियानोवर सूर देतात, पण तो पुढच्या रांगेचा, उंच आवाजाचा. मागच्यांनी आपला खालचा सूर स्वतःच शोधायचा, आणि गाणं सुरू करायचं तेही मागच्यांनीच!

एकदा तिथे पोस्टातल्या काकू आल्या. जन्मभर त्यांनी खिडकीतून "पुढचा!" एवढीच तान मारलेली. त्यांची नणंद पुढच्या रांगेत, नाकाने कांदे सोलणारी.

"वहिनी, हौस म्हणून ये हो," ती म्हणाली, "पण नुसते ओठ हलव. घराची लाज राख."

शाळेतही काकूंना हेच सांगितलं होतं. त्यांना मात्र एकदा, निदान एकदा, चारचौघांत मोकळ्या गळ्याने गायचं होतं.

नवख्या म्हणून त्यांच्या वाट्याला मी आले. सुरुवातीला ओठच हलले. मग एका बुधवारी सगळ्या गायला उठल्या, मी करकरले आणि काकूंनी चटकन माझाच सूर धरला.

"मागे कोण होतं ते?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"मी... चुकलं का?"

"चुकलं? अहो, नेमका लागलाय! मागच्यांनो, आजपासून काकूंकडून सूर घ्यायचा."

माझ्या लोखंडाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेव्हापासून सगळी रांग काकूंच्या भरवशावर आणि काकू माझ्या! दुसऱ्या कोणाला त्या मला हात लावू देईनात.

मग याच सभागृहात समूहगानाचा कार्यक्रम ठरला. त्या दिवशी दुपारी काकूंचे यजमान तेलाची बुधली घेऊन हजर झाले.

"आमच्या हिची खुर्ची करकरते म्हणे," ते झाडणाऱ्या बाईंना म्हणाले. "ऐन कार्यक्रमात नको. तिला सांगू नका हं, खूश होईल ती."

माणूस गुणाचा. त्यांनी माझ्या सांध्यासांध्यात तेल सोडलं. ओरडावंसं वाटलं, पण आवाजच गेला होता.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. पियानोचा सूर आला, मास्तरीणबाईंनी हात वर केले, सगळ्या उठल्या. काकू उठल्या. मी गप्प. काकू पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. मी गप्पच. अख्खी रांग काकूंच्या तोंडाकडे बघतेय, मास्तरीणबाईंचे हात हवेत, आणि समोर यजमान कौतुकाने हसतायत! नणंद मान वळवून कुजबुजली, "वहिनी, ओठ!"

काकूंनी डोळे मिटले आणि "पुढचा!" म्हणायच्या त्याच खणखणीत आवाजात सूर सोडला. माझ्यापेक्षा बराच वरचा! पण सवयीने सगळी रांग त्यांच्यामागून चढली, मग पुढच्या रांगेलाही चढावं लागलं. गाणं असं रंगलं की विचारू नका. शेवटच्या कडव्याला मात्र पुढच्या रांगेचा सूर इतका वर गेला की नणंदबाईंचा आवाज पोचेना. त्या नुसते ओठ हलवत होत्या.

टाळ्या थांबल्यावर यजमान धावत आले. "बघितलंस? खुर्ची जरासुद्धा करकरली नाही!"

"म्हणजे ते तुम्ही होतात होय!" काकू म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटल्या.

आता मी शहाण्यासारखी गप्प असते, म्हणून मला पुढे न्यायला निघाले होते. काकूंनी अडवलं. "राहू दे तिला मागेच. नवीन बाई येणार आहे. घाबरलीय बिचारी."

तेल काही जन्मभर टिकत नाही. ती बाई येईल तेव्हा मला पुन्हा कंठ फुटावा, एवढीच इच्छा. तेव्हा मंडळी, माझ्यावर बसा, चांगलं दणकून बसा. आणि तेवढं काकूंच्या यजमानांना इकडे फिरकू देऊ नका.