सोट्याने धरलेला चोर

केडगावजवळच्या त्या पत्र्याच्या कारखान्यात मशीन बंद, माणसं हात जोडून उभी. कोणी मेलं नव्हतं. सोटेवाले महाराज चोर धरत होते!

डोळे मिटलेले, हातात चांदीच्या मुठीचा सोटा आणि तोंडाची टकळी चालू. "लोखंडात जीव असतो, बाळांनो! हरवलेलं लोखंड मला हाका मारतं!"

सोटा थरथरत कामगार गोरक्षच्या डब्याच्या पिशवीपाशी थांबला. पिशवीतून पंच निघाला. पत्र्याला भोकं पाडणारा, तळहाताएवढा, पण भलता महाग. कालपासून तो गायब होता.

"शेठ, आईची आन, म्या न्हाई घेतला!" गोरक्ष रडकुंडीला आला.

"मग सोटा खोटं बोलतो व्हय?" बन्सी खेकसला. दुपारी याच बन्सीने गोरक्षच्या डब्यातली भाकरी मोडली होती.

मालक अमृतशेठनी पोलिसांना फोन लावायला मोबाईल काढला.

तपासणी विभागातल्या रेश्माला मात्र एक गोष्ट केव्हाची खटकत होती. खंडेनवमीच्या पूजेत महाराजांनी प्रत्येक साच्याला, पंचाला लाल ताईत बांधला होता, वर नंबर लिहिलेला. आणि शोधाआधी ते हमखास विचारायचे, "ताईत कितवा?" मग त्यांचा चेला मोबाईलवर बोटं फिरवायचा, आणि त्यानंतरच महाराजांच्या अंगात यायचं. लोखंड स्वतः हाका मारतं, तर त्याला नंबर कशाला लागतो?

सगळे गोरक्षला घेरून उभे असताना तिने मांडणीवरच्या सतरा नंबरच्या साच्याचा ताईत सोडला आणि खुर्चीवरच्या जाकिटाच्या खिशात टाकला.

"शेठ, फोन जरा थांबवा. महाराज, सतरा नंबरचा साचाही शोधून द्या."

महाराज फुलले. चेल्याची बोटं फिरली, डोळे मिटले, सोटा निघाला आणि थेट जाकिटाला चिकटला.

"ज्याचं हे वस्त्र, तो महाचोर! सात पिढ्यांचा हरामखोर!"



"वस्त्र शेठचं हाय," गोरक्ष म्हणाला.

महाराजांचे डोळे खाडकन उघडले. समोर मांडणीवर सतरा नंबरचा साचा जागच्या जागी बसलेला. रेश्माने खिशातला ताईत काढून फाडला. आत भस्म नाही, कागदासारखी पातळ चकती. सोट्याची मूठ पिळली, तर आत यंत्र.

"मोठ्या कारखान्यांत हत्यारं, माल शोधायला असेच टॅग लावतात. चेला मोबाईलवर नंबर टाकतो, सोट्यातून रेडिओलहरी निघतात, टॅग आपला नंबर कळवतो. जवळ जाल तशी थरथर वाढते. शेठ, तुमच्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग टोलनाक्यावर हेच करतो. तिथं नारळ फोडता का?"

"पर पंच माझ्या पिशवीत गेला कसा?" गोरक्षने विचारलं.

मघाशी प्रसाद वाटत पिशव्यांपाशी घुटमळलेला चेला दाराकडे सरकला. बन्सीने त्याची कॉलर धरली.

"मारू नका! म्हाराजांनीच ठिवायला सांगितलं!"

शेठनी फोन लावलाच, पण नाव वेगळं सांगितलं. चेल्याला सोडून बन्सी गोरक्षकडे वळला, तर तो आपली पिशवी उराशी धरून लांब सरकला.

लोकहो, त्या लहरी कुठल्या देवाने नाही, माणसाने डोकं झिजवून हाताशी आणल्या. या भामट्याने त्यांना भगवी कफनी चढवली. पुढचा कोणी असा दारात आला, तर पाया पडण्याआधी एकच विचारा: तुला नंबर कशाला लागतो? त्यासाठी इंजिनियर व्हावं लागत नाही. तो प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणून एक निर्दोष माणूस तुरुंगात जायला निघाला होता. आणि त्याची भाकरी खाणारेच त्याला ढकलत होते.