अंगठा तोच, भाव दोन

"एकोणपन्नास हजार नऊशे नव्व्याण्णव!" कौशिक सर माइकमध्ये ओरडले आणि पांढरकवड्याच्या त्या मंगल कार्यालयातले चारशे लोक एकदम चिडीचूप. "ही झाली कंपनीची किंमत! पण आपली कोडसिद्धी कंपनीचं ऐकत नाही, लेकराच्या भाग्याचं ऐकते. ठेव बेटा, अंगठा ठेव!"

शेतकरी सेवादासच्या पोरानं मशीनच्या काचेवर अंगठा ठेवला. काच लालभडक उजळली. सरांच्या मदतनीस विमलताईंनी सरांच्या डाव्या हातावर शाल पांघरली, शालीखाली तो हात धरला आणि डोळे मिटले. याला म्हणे 'स्पंदन जुळवणं' म्हणतात. उजव्या हातानं सरांनी कीबोर्डवर 'मंत्रकोड' टाकला आणि पडद्यावर आकडा उगवला: १४,०००.

सेवादास उडालाच. "अबे, एवढेच त हायेत माह्याजवळ! काल जिनिंगवर कापूस टाकला त्याचे!"

टाळ्याच टाळ्या! बोंडअळीचं वर्ष होतं ते. हिरवं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. कापसात दम उरला नव्हता, निदान पोट्टं कम्प्युटरवालं व्हावं म्हणून माणसं आली होती. आणि कोडसिद्धी हे प्रोग्रामिंगचं असं खास सॉफ्टवेअर, की पोरानं नुसती इच्छा बोलायची, प्रोग्राम आपोआप लिहून तयार! सॉफ्टवेअरचे फक्त सात डबे शिल्लक! तीन डबे दीपाच्या डोळ्यांदेखत विकले गेले, तरी सातच शिल्लक.

दीपा अकरावीत होती आणि तिला गप्प बसता येत नसे. तिचे बाबा, धर्मपाल, हायवेवर पंचरचं दुकान चालवत. त्यांच्या घरात देव नाही, गंडा नाही, ताईत नाही. गावात कोणाच्या अंगात आलं तर बाबा लांबूनच म्हणत, "पाणी पाजा, उन्हानं झालं असंन." त्या बाबांनीच दीपाचा अंगठा काचेवर ठेवला. आकडा आला: ९,०००.

घरात डब्यात बरोबर नऊ हजार होते. दीपाच्या मोठ्या बहिणीच्या, प्रियंकाच्या, नर्सिंग कोर्सचा पहिला हप्ता. सोमवारी भरायचा होता.

आणि बाबांनी हात जोडले. मशीनला!

दीपाला वाटलं, टायरचा पाना घेऊन ती काच फोडावी.

पावतीवर तिच्या अंगठ्याचा ठसा आणि आकडा आला. उद्या चार वाजेपर्यंत पैसे आणले नाहीत तर भाग्यकिंमत विझणार होती.

"बाबा, ते फसवून राह्यले तुमाले," ती घरी येईपर्यंत बोलत होती. "पडद्यावर जे दाखवलं ना, ते आमच्या शाळेच्या लॅबमध्ये हाय. आमच्या लॅबच्या सरांनी नेटवरून फुकट घेतलं!"

"फुकटच्यात अन् नऊ हजाराच्यात फरक राह्यते, बेटा."

"काहून राह्यते?"

"मंग त्याले आपल्या डब्यातला आकडा कसा समजला? सांग!"

"तुमीच म्हणता ना, कोणाच्या पाया पडू नये?"

"अवं, बुवा हाय का तो? कम्प्युटर हाय! सायन्स हाय!"

प्रियंका चुलीपाशी भाकर थापत होती. तिनं हप्त्याची चिठ्ठी घडी करून फडताळात टाकली. तेच दीपाला जास्त झोंबलं.

सकाळी ती दुकानावर बसून डोंगरसिंग काकांपुढे भडाभडा बोलली. काका बाजूच्या तांड्यावरचे, चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केलेले. आता गुडघे गेले, म्हणून दुकानाच्या बाकावर बसून ट्रकवाल्यांना टोमणे मारत.

"शालीखाली हात?" काका मधेच म्हणाले. "अन् मनगट हलते?"

"हो. थरथरते. स्पंदन म्हणे."

काका एवढे हसले की तंबाखू सांडली. "छोरी, स्पंदन कायचं! हा त हत्ता हाय! बैलाचा भाव आमी असाच करायचो, रुमालाखाली. पंजा दाबला की पाच, मंग चार बोटं, झाले नऊ. झटका दिला की आधीची बोटं दहाईची. शेजारच्याले पत्ता नाही लागत."

"पण विमलताईले आकडा कोण सांगते?"

"तुह्या बाबानं दारात कायच्या गप्पा केल्या?"

दीपानं आठवलं. हॉलच्या दारात चहा देताना विमलताईंचे प्रश्न. 'दादा, धंदा कसा आहे? पोरी किती? मोठी काय करते? अय्या नर्सिंग! हप्ता जमला का?' आणि बाबांनी कौतुकानं आकडासुद्धा सांगितला होता. त्या गोड ताईला सांगितलेलं बाबा मशीनपुढे जाईस्तोवर विसरून गेले.

दीपा बाकावरून उठली. प्रयोगात एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, हे शाळेत शिकवतात. शिकवतात, पण शाळेबाहेर कोणी वापरत नाही!

दुपारी ती मावशीचा जरीचा ड्रेस घालून, तोंडाला स्कार्फ बांधून हॉलवर गेली. काल गणवेशात होती. शेकडो पोरांत तिला कोण ओळखतं? सोबत काका, फेटा बांधून.

"महागावले जिनिंगचा कारखाना हाय आमचा," काका दारातच विमलताईंना म्हणाले. "नातीसाठी आलो. पैशाची काई फिकर नाई."

अंगठा. लाल काच. शाल. पडद्यावर ३२,०००.

दीपानं स्कार्फ खाली ओढला आणि सरांच्या हातातला माइकच घेतला. "ही कालची पावती. हा माझाच ठसा. काल माझं भाग्य नऊ हजार होतं. आज बत्तीस हजार काहून झालं?"

"बेटा, आज तरंग बदललेत," सर हसून म्हणाले.

"मंग आता परत लावते. शाल नका घेऊ."

"मशीन तापली आहे."

"काच तापली का हात तापला?" काकांनी खिशातून रुमाल काढला, पैसे भरून डबा न्यायला आलेल्या, पुढच्या रांगेतल्या सेवादासचा हात रुमालाखाली धरला, तीन बोटं दाबली, झटका दिला, दोन दाबली. "किती झाले?"

"बत्तीस," सेवादास पुटपुटला. बैल त्यानंही विकले होते. मग तो हळूहळू उठला. "माह्ये चौदा हजार परत दे बे!"

खुर्च्या सरकल्या, आरडाओरडा झाला. विमलताई मागच्या दारानं पळाल्या. सरांना लोकांनी धरून ठेवलं. सेवादासचे आणि आणखी काहींचे पैसे परत निघाले, काहींचे नाहीच. वैताग असा, की एक बाई उलट दीपावरच चिडली, "म्हणजे आमच्या पोट्ट्याच्या भाग्याचा आकडाच गेला ना आता!"

"मावशी," दीपा म्हणाली, "त्यानं भाग्य नाही वाचलं, तुमच्या गप्पा ऐकल्या. वस्तू एकच होती, भाव माणूस पाहून लावला. वस्तू काय काम करते, ते कोणी विचारलं का? शेजारच्याले केवढ्याले दिली, ते तरी?"

बाबा दारात उभे होते, हातात डबा. पैसे भरायलाच आले होते. घरी जाताना अर्ध्या रस्त्यात त्यांनी डबा दीपाच्या हातात दिला. मग म्हणाले, "मी देवापुढं वाकलो नाही अन् मशीनपुढं वाकलो."

सोमवारी प्रियंकाचा हप्ता भरला. मंगळवारी बाबांनी दीपाकडून दुकानावर पाटी रंगवून घेतली. सायकल, मोटरसायकल, ट्रक, प्रत्येकाचा भाव ठळक अक्षरांत. खाली एक ओळ बाबांनी स्वतः सांगितली: 'भाव सगळ्यांना सारखा. समजलं नाही तर विचारा.'

'विचारा'खाली दीपानं दोन रेघा ओढल्या.