पेटीला चुकवणारी वाट

"उघडलं?" नेमसिंगनं विचारलं.

"उघडलं." त्याची बायको जया हिच्या मोबाइलवर जुगाराचं बंद केलेलं पान पुन्हा लखलखत होतं.

"आन् पेटीच्या नोंदीत?"

"काहीच नाही आलं जी."

तो खुर्चीत मागे टेकला. चाचणीचा तिसरा दिवस होता.

आर्णीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी बोंडअळीनं कपाशी पोखरली, मजूर मिळेना, म्हणून भावाच्या शेतात तो आठ दिवस फवारणीला गेला. विष अंगात भिनलं. जीव वाचला, पण नजर धुरकटली ती कायमची. दुकान बंद झालं. त्यानंतरचं हे पहिलंच काम, पुसदच्या एका मुलींच्या वसतिगृहाचं. जुन्या कॉम्प्युटरची त्यानं पेटी बनवली होती. कोणतंही पान उघडण्याआधी मोबाइल त्या नावाचा पत्ता पेटीला विचारणार. नको त्या पानांचा पत्ता पेटी देणार नाही. पण घरच्या चाचणीत मोबाइल पेटीला चुकवून परस्पर बाहेर विचारत होता.

"मोबाइलले पत्ते कोन सांगून राह्यलं, ते पुन्हा वाच."

"एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, दहा."

"ते आपलीच पेटी." त्यानं डोळे चोळले. "जाऊ दे. मॅडमले नाही म्हनून सांगतो. दिसत नाही त्या मानसानं हे काम कायले घ्याव?"

जया पुन्हा मोबाइलवर वाकली. सकाळपासून वाचून तिचा घसा बसला होता.

"खाली एक लांब ओळ हाये," ती हळूच म्हणाली. "अक्षरं आन् आकडे मिसळलेले. तुमी पैल्या दिवशी म्हनलं, ठिपक्यांचे आकडेच वाच. म्हनून सोडून देत होती."

नेमसिंग ताठ बसला. "वाच."

तिनं एकेक अक्षर वाचलं. ओळ संपण्याआधीच त्याला उमगलं. घरात इंटरनेट वाटणारा राउटर मोबाइलला जुन्या, ठिपक्यांच्या पद्धतीनं पेटीचा पत्ता देत होता आणि नव्या, लांब ओळीच्या पद्धतीनं स्वतःचा; म्हणून मोबाइल पेटीऐवजी राउटरलाच विचारत होता. ही ओळ त्याला दिसली असती, तर पाच मिनिटांचं काम होतं.

त्यानं सांगितलं तसं तिनं राउटरमधली नवी पद्धत बंद केली, मोबाइल पुन्हा जोडला. पान उघडलं नाही. पेटीच्या नोंदीत त्या पानाचं नाव आलं, पुढे 'अडवलं'.

"झालं जी!"

"झालं," तो म्हणाला. आवाजात थकवाच जास्त होता.

त्यानं वसतिगृहाच्या अनवरी मॅडमना फोन लावला.

"बहोत अच्छा, नेमसिंगभाऊ. उद्या तुम्हीच येता ना बसवायला?"

त्यानं जयाकडे मान वळवली. "मी नाही, मॅडम. जया येईन. गळती तिनंच पकडली."

"मी? एकटी?" जया दचकली.

"अडलं तर फोन करजो," फोन ठेवून तो म्हणाला. "पन अडनार नाही."

सकाळी तो तिला स्टँडवर सोडायला आला. पेटी मांडीवर घेऊन जया पुसदच्या बसमध्ये खिडकीशी बसली. बस हलली तसा त्यानं हात वर केला. शेजारी उभ्या दिग्रसच्या गाडीकडे पाहून तो हात हलवत होता. जयानं त्याला हाक मारली नाही. तिनंही हात हलवला, बस फाटकाबाहेर पडेपर्यंत.